झाकणाची तार

नवरात्र सरलं की माळावरचं गवत पिवळं पडतं आणि कुसळं धरतं. गवत कापून आलेल्या बाईच्या निऱ्यांत ती शेकड्यांनी रुतलेली असतात. मी आता गवताला जात नाही, गुडघे ऐकत नाहीत. सून जाते, आणि तिची साडी संध्याकाळी माझ्यापुढे येते. ओटीवर बसून मी एकेक कुसळ काढते. मागे ओढलं तर ते तुटतं आणि टोक कापडात राहतं. ज्या वाटेने शिरलं त्याच वाटेने पुढे ढकलून काढावं लागतं. काढलेली कुसळं मी चुलीत घालते. अंगणात टाकली तर शेळीच्या खुरात जातात.

परवा हात धुऊन बसले होते. तळवा ओला होता, आणि त्यावर ठेवलेलं कुसळ वळलं. वाळलेलं, मेलेलं गवत, पण अळीसारखं अंग सोडवत फिरलं. मला त्याचं नवल नाही. लहानपणी थुंकी लावून आम्ही कुसळांच्या शर्यती लावल्या आहेत. पण कुसळ वळलं आणि तीन वर्षांमागची सुगी डोळ्यांपुढे आली. ती आठवण मला फारशी आवडत नाही. तरी नातीच्या वहीची मागची पानं मागून घेतली आणि लिहायला बसले.

त्या वर्षी हळवं भात लवकर पिकलं होतं. कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं असतं तेव्हा माणसाचा जीव आभाळाला टांगलेला असतो. आश्विनातल्या आभाळावर विश्वास ठेवू नये. सकाळी ते घासलेल्या परातीसारखं स्वच्छ असतं आणि तिसऱ्या प्रहरी माहुलीच्या डोंगरामागून काळं डोकं वर काढतं. भिजलेल्या लोंबीला दोन दिवसांत मोड येतात. त्यामुळे या दिवसांत गावातलं प्रत्येक माणूस बोलता बोलता वर बघतं. कापलेल्या धाटांचा वास, खळं सारवल्याचा वास, दुपारच्या उन्हात तापलेल्या पेंढ्याचा वास. या वासांत लहान मुलंसुद्धा घरी हवी असतात. कोणी भारे उचलायला, कोणी पाखरं हाकायला, कोणी धाकट्याला सांभाळायला.

अशा दिवसांत शाळेत पाहुणे येणार होते.

मी तेव्हा गावच्या शाळेत पोरांसाठी भात शिजवायचे. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत आमचं गाव, सातवीपर्यंतची शाळा, आणि शाळेच्या मागे पत्र्याची खोली. तीत मी आणि रखमा. रखमा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि पंधरा पटीने बोलकी. मास्तर आदल्या दिवशी खोलीच्या दाराशी येऊन म्हणाले, "आजी, उद्या मुंबईहून मॅडम येणार आहेत. विज्ञान शिकवणार. सगळी पोरं हजर पाहिजेत, घरोघरी निरोप द्या."

"आनि भात कोन कापनार? मॅडम?"

मास्तर हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त तालुक्यावरून फोन आला की उभा राहून बोलायचा.

पाहुण्यांचं मला माहीत होतं. एक टोळी पोरांना हात धुवायला शिकवून गेली तेव्हा नळाला पाणी नव्हतं, मी विहिरीवरून दोन कळशा आणल्या. दुसऱ्या टोळीने दप्तरं दिली, त्यांवर त्यांचं नाव पोरांच्या पाठीपेक्षा रुंद. सुगीत कामाचा माणूस दुसऱ्याच्या गावाला जात नाही. जो येतो तो काहीतरी न्यायला येतो, निदान फोटो तरी.

मॅडम आटगावला गाडीतून उतरून टमटमने आल्या. तिशीतली बाई, केस कापलेले, पायात बूट, पाठीवर हे एवढं ओझं. ते मात्र स्वतःच वाहत होती. सरळ माझ्या खोलीत आली.

"आजी, थोडं गरम पाणी मिळेल?"

"चाय करायचीय?"

"नाही, तारेला पाहिजे."

मी रखमाकडे बघितलं, रखमाने माझ्याकडे. भाताचं आधण उतरवून मी तिला कढत पाणी दिलं, आणि पाणी माझं म्हणून मीही मागोमाग वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले.

तिने डब्यातून तारेचा तुकडा काढला. काळपट, वीतभर, कुठल्याही तारेसारखा. पोरांना म्हणाली, वाकवा. पोरांनी वाकवला, पिळला, त्याचा पार किडा केला. तिने तो पाण्यात टाकला. एका झटक्यात तार सरळ झाली. पोरं अशी ओरडली की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या.

मी पुढे जाऊन पातेलं उचललं आणि खालून बघितलं.

"काय शोधताय आजी?"

"लोहचुंबक."

"नाही हो."

"मंग दोरा असंल."

तिने तार माझ्या हातात दिली. "तुम्हीच वाकडी करा."

मी बोटाभोवती चार वेढे घातले, वर गाठीसारखी पिळली, आणि पाण्यात टाकली. ती अंगातला एकेक वेढा सोडत सरळ झाली आणि पातेल्याच्या कडेला टिंग करून वाजली. मला ते अजिबात आवडलं नाही. वाकवलेली तार वाकडी राहावी, एवढी अपेक्षा माणसाने तारेकडून ठेवायची नाही तर कशाकडून?

"हिला कारखान्यात खूप तापवून एक आकार शिकवलेला असतो," ती म्हणाली. "मग आपण कशीही वाकवली तरी ऊब मिळाली की तिला तो आठवतो."

"आमी याला आठवन नाय म्हनत बाय, खोड म्हनतो. जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय. हिची तं मेल्यावर पन नाय गेली."

पोरं हसली. ती पण हसली, आणि वही काढून तिने ते लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. मी विचारलं, याचा उपयोग काय. ती म्हणाली, रक्ताची नळी बंद झाली की अशाच तारेची जाळी मिटून आत सारतात, अंगाच्या उबेने ती आपोआप उघडते.

"तू बघितलंस?"

"नाही, वाचलंय."

"मंग," मी म्हटलं, आणि आधण ठेवायला गेले.

पण कान तिकडेच होते. एवढं कबूल करते की तिने फळ्यावर काही लिहिलं नाही. तारा, पातळ प्लास्टिक, रंगीत कागद, दोरे असं सगळं जमिनीवर ओतलं आणि म्हणाली, याचं तुम्हाला पाहिजे ते करा, फक्त गरम पाण्यात ते हललं पाहिजे. एका गटाने फूल केलं, पाकळ्या उघडणारं. एकाने खेकडा केला, त्याच्या नांग्या ताठ व्हायच्या. एकाने विंचू केला आणि नांगी वर आली की सगळे मागे सरायचे. मी त्या पोरांना बालवाडीपासून भात वाढत आले. घंटा झाली की ती आधी माझ्या दारात असायची. त्या दिवशी भात झाला, मी थाळी वाजवली, कोणी आलं नाही.

मला हे पटलं नाही. एवढ्या सहज जे मन ओढून घेतं त्याचा हिशोब मागाहून द्यावा लागतो, असं मला वाटत आलं आहे. आणि खरं सांगायचं तर आकार बदलणाऱ्या वस्तू आमच्याकडे कमी नाहीत. श्रावणात माझ्या घराचं सागाचं दार फुगतं, लाथ मारल्याशिवाय लागत नाही. तेच दार शिमग्याला इतकं आकसतं की फटीतून मांजर आत डोकावतं. उन्हाळ्यात टोपलीचा बांबू कुरकुरतो, आषाढात गप्प होतो. तेरड्याच्या पिकल्या बोंडाला नुसतं बोट लागलं की ते फुटून स्वतःभोवती गुंडाळून बसतं. हे सगळं बघायला मुंबईहून कोणी आलं नाही.

त्या वर्गात हे एका पोरीच्या डोक्यात आलं, आणि तिने ते तोंडाने सांगितलं नाही, करून दाखवलं.

आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या पोटात वाडी आहे. तिथली पोरं पाऊण तास उतरून शाळेत येतात. बुधी त्यांतली, सहावीतली. हजेरीपटात भारती, पण बुधवारी जन्मली म्हणून घरी बुधी. वर्गात ती बोलायची नाही, कारण वाडीची बोली तोंडातून निघाली की आमची पोरं तिचं वाक्य परत म्हणून हसायची. त्या दिवशी तिने तार घेतलीच नाही. फ्रॉकच्या घेरातून एक कुसळ काढलं, जिभेवर ओलं केलं आणि मॅडमच्या पुढे धरलं.

"मॅडम, याला गरम पानी नाय लागत."

कुसळ तिच्या बोटांत फिरलं. मॅडम तिथेच गुडघ्यांवर बसली. मग बुधीने मातीचा गोळा केला, त्यात एक कुसळ उभं रोवलं, त्याच्या शेंड्याला भाताच्या काडीचा बारीक तुकडा आडवा बसवला. दमट हवेत कुसळाचा पीळ सुटतो, काडी एका अंगाला जाते. उन्हात पीळ पडतो, काडी माघारी येते. चुलीतल्या कोळशाने तिने खाली तीन खुणा केल्या. ऊन, दव, पाऊस.

"हे कुणी शिकवलं तुला?" मॅडमने विचारलं.

"कोनी नाय. आजा कुसळ बघतो, मंगच गवत बांधतो."

मॅडम म्हणाली, आठ दिवसांनी शहापूरला तालुक्याचं प्रदर्शन आहे, तिथे हे जाणार म्हणजे जाणार, आणि बुधीच ते सगळ्यांना सांगणार. मास्तरांना फूल न्यायचं होतं, तार मुंबईची म्हणून. शेवटी दोन्ही न्यायचं ठरलं. त्या दिवशी बुधी पहिल्यांदा वर्गात जोरात बोलली. काय बोलली ते मला आठवत नाही, पण कोणी हसलं नाही हे आठवतं. मी भात वाढताना मनात म्हटलं, माळावरचं कुसळ बघून गुडघ्यावर बसणारी बाई एक तर खुळी, नाहीतर लबाड. तिसरं काही असू शकतं हे मला सुचलं नाही.

जाताना मॅडमने दहा तारांचा डबा मास्तरांकडे सरावासाठी ठेवला.

आता माझ्या झाकणाचं सांगते. भाताच्या मोठ्या टोपाच्या झाकणाची मूठ कधीच गळून गेली होती, मध्ये नुसतं भोक. त्यातून मी तारेचा फासा ओवून ठेवायचे आणि त्याला धरून झाकण उचलायचे. आमच्याकडे रस्त्यावर पडलेली तार कोणी ओलांडून जात नाही. बादलीचा कान तुटला, तार. छत्रीची काडी निसटली, तार. कुंपणाच्या बेड्याचा खांब डुलायला लागला, तार. लग्नातला मांडव आणि जावयाची मोटरसायकल दोन्ही तारेवर उभी असतात. जुना फासा जळून तुटला होता. गरम पाण्यासाठी पोरं दिवसभर चुलीपाशी ये-जा करत होती; पाहुण्या गेल्या त्या संध्याकाळी झाडताना तिथे राखेत दोन तारा मिळाल्या. चुलीजवळ मी चष्मा लावत नाही, वाफेने आंधळा होतो. काळी, वीतभर, हातात मऊ. चांगली तार आहे, म्हणून दोन्ही एकत्र पिळून झाकणाला फासा केला.

दुसऱ्या दिवशी भात शिजत आला, मी फडक्याने फासा धरायला गेले तर फासा नाही. तारा भोकातून सरळ उभ्या. मी रखमाला म्हटलं, "नीट पिळता येत नाय मला आता, बोटं गेली." परत पिळला. तिसऱ्या दिवशी परत उघडा. मग मात्र मला वेगळा वास आला.

"रखमा, तू याला हात लावतेस?"

"मी कशाला लावू गो? मना काय दुसरं काम नाय?"

"मंग मी पानी आनायला गेली की कोन सोडतं?"

"तुज्या टोपाला भूत लागलंय, नारळ फोड."

त्या दिवसापासून मी पाणी आणायला गेले तरी मधूनच परत येऊन दारातून बघायचे. रखमाच्या ते लक्षात आलं. तीही मुद्दाम झाकणाजवळ जाऊन, हात पाठीमागे बांधून उभी राहायची. सकाळी गार टोपावर घट्ट असलेली तार दुपारी उघडी, हे मी चार दिवस बघितलं. चार दिवसांपूर्वी तसलीच तार माझ्या हाताने पाण्यात टाकून सरळ होताना बघितली होती. दोन्हींची गाठ मी घातली नाही. शाळेतली तार शाळेतली आणि चुलीवरची तार चुलीवरची, असं माझ्या डोक्यात दोन खण होते. माणूस संशयाने बघतो तेव्हा तो माणसांकडे बघतो, वस्तूकडे नाही.

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी मास्तरांनी डब्यातल्या तारा मोजल्या. आठ निघाल्या. प्रार्थनेनंतर पोरं रांगेतच होती. मास्तरांनी विचारलं, कोणी घेतल्या.  मी खोलीच्या दारात तांदूळ निवडत होते. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "त्या वाडीवरच्या पोरीला इचारा. सकाळी लवकर येऊन राखेत काय धुंडत होती."

मोठ्याने म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. खोटंही नव्हतं ते. बुधीला मी राखेत हात घालताना खरंच बघितलं होतं. खुणा करायला ती कोळसा शोधत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मास्तरांनी तिचं दप्तर मागितलं. आत एक वही, एक पुस्तक, पेन्सिलीचं थोटूक, दोन कोळसे आणि पळसाच्या पानात बांधलेली कुसळांची जुडी. तार नव्हती. "मी नाय," एवढंच ती म्हणाली, आणि मास्तरांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली. रांगेत कोणीतरी तिच्या बोलीत ते दोन शब्द परत म्हटले. पोरं हसली. मास्तर म्हणाले, "बरं, ज्याने घेतल्या त्याने गुपचूप आणून ठेवाव्या." म्हणजे त्यांच्याही मनात ते राहिलं.

रखमाने मला आत आल्यावर विचारलं, "तू बघितलंस तिला तार घेताना?"

"बघायला कशाला लागतं?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बुधी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रदर्शनाला मास्तर फूल आणि चार पोरं घेऊन गेले. मातीच्या गोळ्यातलं कुसळ वर्गाच्या खिडकीत राहिलं. ते कोणी नेऊ शकलं नाही, कारण काडी कशी बसवायची आणि का फिरते हे सांगणारं कोणी नव्हतं. फुलाचंही काही झालं नाही. परीक्षक टेबलापाशी येईपर्यंत पाणी कोमट झालं होतं आणि पाकळ्या मिटलेल्याच राहिल्या.

त्याच दुपारी, मोठी पोरं नसताना, मी लहानांसाठी अर्ध्या टोपाचा भात टाकला होता. झाकण उचलायला गेले आणि फासा माझ्या डोळ्यांदेखत सुटला. दोन्ही तारा एकमेकींचा पीळ सोडत उभ्या राहिल्या आणि भोकातून भातात पडल्या. झाकणही वाजत खाली गेलं. मी पळीने तारा बाहेर काढल्या. दाभणासारख्या सरळ. पहिलीतल्या दोन पोरी थाळ्या घेऊन उभ्या होत्या.

"आजी, ही मॅडमची तार!" एक म्हणाली. "वाकवून टाक ना परत!"

मी टाकली नाही. मी चुलीच्या कडेला बसले. रखमाने माझ्या हातची पळी घेतली आणि त्या पोरींना भात वाढला.

मी लगेच उठून मास्तरांकडे गेले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. तारा पुसल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि दोन दिवस गप्प बसले. पहिलीतल्या पोरींचं कोण ऐकतं? डब्यात हळूच टाकून दिल्या असत्या तरी चाललं असतं, मास्तरांनी तेच तर सांगितलं होतं. आठाच्या दहा झाल्या असत्या, आणि घेणारी घाबरून परत ठेवून गेली असं सगळे म्हणाले असते. तेही वाडीवरच्या पोरीच्या नावावर गेलं असतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला स्वतःची किळस आली, पण तरी मी दोन दिवस घेतले.

रविवारी आमच्या शेजारच्या शेतात वाडीच्या बाया कापणीला आल्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून कळलं की बुधी दिवाळी झाली की मावशीबरोबर वीटभट्टीवर चालली आहे. भट्टीवर गेलेली पोर पावसाच्या तोंडाला परत येते, आणि तोवर शाळा तिला विसरलेली असते, तीही शाळेला. वाडीवरच्या किती पोरींचं हे झालं ते मी माझ्या थाळ्यांवरून सांगू शकते.

मी डोंगर चढले. तेव्हा गुडघे बरे होते, तरी दोनदा बसले. वाटेत दोन्ही अंगांना गवत कापून पडलेलं, त्याचा गोडसर वास, पायाखाली कोरडी सळसळ. बुधी घराच्या मागे गवताच्या पेंढ्या बांधत होती. मला बघून ती आत गेली. तिची आई पाली बाहेर आली. तिने मला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

मी पदराची गाठ सोडली आणि तारा तिच्या पुढे ठेवल्या. काय झालं ते सांगितलं. राख, झाकण, फासा, सगळं. चुकलं म्हटलं. पाली ऐकत होती. तिने तारांना हात लावला नाही.

"म्हातारे," ती म्हणाली, "तू बोललीस तवा सगळ्या शाळंनी आयकलं. आता चढून आलीस, तं मी एकलीनं आयकलं."

"मंग काय करू?"

"मना काय इचारतेस? भट्टीवर विटा उचलतात, कोनी दप्तर नाय उघडून बघत."

एवढंच. मी तारा उचलल्या आणि उतरले. उतरताना मी तिच्यावर चिडले होते, हेही लिहून ठेवते. मला वाटलं होतं, एवढा डोंगर चढून गेले ते पुरे होईल.

सोमवारी प्रार्थनेआधी मी मास्तरांना सांगितलं. ते दचकले, मग हळू आवाजात म्हणाले, "आजी, आता राहू द्या. प्रदर्शन झालं. मॅडमला मी सांगतो, सापडल्या म्हणून. उगाच पोरांपुढे तुमचं..."

"माजं काय?" मी विचारलं. 

पोरं रांगेत उभी राहिल्यावर मी दारातून नाही, पुढे जाऊन बोलले. "तारा मी घेतल्या. झाकनाला लावल्या. बुधीनं घेतल्या नाय. ती राखंत कोळसा बघत होती. मी न बघता बोलली." कोणी हसलं नाही. एका मोठ्या पोराने विचारलं, "आजी, मग तू चोर?" मास्तर त्याच्यावर ओरडणार होते, मी हात केला.

"तारेपुरती नाय," मी म्हटलं. "पन पोरीचे आठ दिवस मी घेतले. ते काय मी परत देऊ शकत नाय."

मग मी रखमाकडे वळून तिलाही सांगितलं, भर रांगेत, की झाकण तिने सोडलं नव्हतं. ती म्हणाली, "ह्ये मना घरी सांगितलं असतंस तरी चाललं असतं," आणि तोंड फिरवून डोळे पुसले, का हसली, मला दिसलं नाही.

ही गोष्ट त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाडीवर पोचली असणार. आमच्याकडे डोंगर चढायला माणसांपेक्षा गोष्टींना कमी वेळ लागतो. मंगळवार गेला. बुधवार गेला. दिवाळीची सुट्टी लागली. भात खळ्यावर आलं, झोडणी झाली, माझ्या पाठीत भरलं. सुट्टी संपायच्या दिवशी भट्टीची गाडी वाडीखालच्या वळणावर उभी राहिलेली मी लांबून बघितली. बायका, पोरं, कोंबड्या, भांडी चढत होती. कोण कोण चढलं ते दिसलं नाही. जवळ जायचा धीर झाला नाही.

शाळा उघडली त्या सकाळी प्रार्थना चालू असताना बुधी आली. उशिरा आली, रांगेच्या शेवटी उभी राहिली. काही दिवसांनी मॅडम परत आल्या, कोणी न बोलावता, फोटोवाला बरोबर नसताना. त्या आणि बुधी खिडकीतलं कुसळ घेऊन पायरीवर बसल्या आणि तासभर बोलल्या. मी कान दिला नाही. मॅडमबद्दल माझं मत तिथे बदललं असं नाही. तिची तार मला अजूनही आवडत नाही. पण परत आली, एवढं मी बघितलं.

बुधी पुढे शिकत राहिली. आता नववीत आहे, आश्रमशाळेत राहते. सुट्टीत रस्त्यात भेटली की थांबते, गुडघे विचारते, मीही तिचा अभ्यास विचारते. मला काय कळणार, पण विचारते. तिच्या मनात आकस नाही, असं रखमा म्हणते. रखमाला माणसांतलं कळतं, म्हणून ते खरं असेल.

पण शाळा उघडली त्या दिवशी दुपारी भात झाला, मी थाळी वाजवली, पोरं रांगेने आली. बुधी रांगेत आली नाही. तिने वऱ्हांड्याच्या टोकाला बसून फडक्यातून नाचणीची भाकर काढली आणि मिरचीशी खाल्ली. मास्तर म्हणाले, अगं भात आहे ना. ती म्हणाली, भूक नाय भाताची. दुसऱ्या दिवशीही भाकर. सातवी पास होऊन जाईपर्यंत, दीड वर्ष, पावसात, उन्हात, गोडाधोडाच्या दिवशीसुद्धा, तिने माझ्या हातचं एक शीत खाल्लं नाही. रखमाने वाढलं तरी नाही, कारण शिजवलेलं मी होतं. मास्तर मला म्हणायचे, आजी, तुम्ही एकदा तिला आग्रह करून बघा. मी केला नाही. आग्रह करायला तोंड लागतं.